चॅप्लिनने पैशाच्या हव्यासावर सिनेमा काढला आणि अमेरिकेने त्याच्याकडे पाठ फिरवली

टोपी, काठी आणि ढगळ पँट. चार्ली चॅप्लिन म्हटलं की हाच भटक्या आठवतो. पण १९४७ साली हाच चॅप्लिन पडद्यावर सुटाबुटातला खुनी बनून आला.

त्याला पैशाचं इतकं वेड का होतं, हे समजायला त्याचं बालपण बघावं लागतं. १८८९ साली जन्मलेला चार्ली लंडनमध्ये वाढला. वडील दारूत गेले, आई मनोरुग्णालयात. सातव्या वर्षी त्याला गरिबांसाठीच्या आश्रयगृहात राहावं लागलं. १९१४ मध्ये तो आठवड्याला १५० डॉलरवर सिनेमात आला. दोनच वर्षांत हा आकडा १० हजारांवर गेला.

म्हणजे भूक आणि श्रीमंती, दोन्ही त्याने जवळून पाहिल्या होत्या. १९२५ च्या ‘द गोल्ड रश’मध्ये सोनं शोधायला गेलेला भटक्या भुकेपोटी बूट शिजवून खातो. लोक पोट धरून हसले.

‘मस्यू व्हर्दू’चं हसू मात्र वेगळं होतं. मूळ कल्पना ऑर्सन वेल्सची, आधार फ्रान्समधल्या लांद्रू या खऱ्या खुन्याचा. मंदीत नोकरी गेलेला बँकेतला कारकून श्रीमंत बायकांशी लग्नं करतो, त्यांना मारतो आणि त्यांचा पैसा शेअर बाजारात लावतो. खून हा त्याच्यासाठी निव्वळ धंदा. नोटा मात्र तो अजूनही कारकुनाच्या सफाईने झरझर मोजतो. शेवटी बाजार कोसळतो आणि सगळं बुडतं. कोर्टात तो थेट युद्धाचा हिशोब मांडतो: शस्त्रं बनवून लाखोंचे जीव घेणाऱ्यांपुढे आपण नवशिकेच.

युद्ध जिंकून आलेल्या अमेरिकेला हे पचलं नाही. पत्रकार परिषदेत सिनेमापेक्षा चॅप्लिनच्या राजकारणावरच प्रश्न आले. तिथे सिनेमा आपटला, पटकथेला ऑस्कर नामांकन मिळूनही. १९५२ मध्ये तो लंडनला निघालेला असतानाच अमेरिकेने त्याची परत येण्याची परवानगी रद्द केली. तो स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला. अमेरिकेत पुन्हा पाऊल ठेवलं ते थेट १९७२ मध्ये, मानद ऑस्कर घ्यायला.

२५ डिसेंबर १९७७ ला तो गेला. दोन महिन्यांतच पैशांची चणचण असलेल्या दोघा मेकॅनिकांनी त्याची शवपेटी चोरून खंडणी मागितली. पत्नी ऊनाने पैसे द्यायला नकार दिला. पोलिसांनी फोनवर पाळत ठेवून चोर पकडले, पेटी मक्याच्या शेतात सापडली.

यावेळी त्याला पुरल्यावर वर काँक्रीट ओतण्यात आलं.