संकरित कपाशीचे जनक सी. टी. पटेल : सुरतचं बियाणं, खान्देशचं शिवार

कामरेज (सुरत) : कामरेजच्या शिवारात आज ऊस डोलतो. पण तापीकाठची ही काळी जमीन जुनी कपाशीची. खान्देशातून आलेली तापी इथून पुढे सुरतला जाते. त्याच सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात चंद्रकांत ऊर्फ सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये ‘हायब्रीड-4’ हे वाण दिलं. व्यापारी लागवडीसाठीचं हे जगातलं पहिलं संकरित कापूस वाण. शेतकऱ्यांच्या तोंडी ते ‘एच-फोर’ झालं.

पटेल यांचा जन्म 1917 चा, खेडा जिल्ह्यातल्या सरसा गावचा. दोन वाणांचा संकर केला की पहिली पिढी जोमदार येते, हे तेव्हाही ठाऊक होतं. अडचण होती बियाण्याची. कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. शेतभर संकर घडवायचा कसा?

पटेल यांनी ‘गुजरात-67’ मादी म्हणून घेतली आणि ‘अमेरिकन नेक्टरीलेस’ नर म्हणून. नेक्टरीलेस म्हणजे पानांवर मधाच्या ग्रंथी नसलेली कपाशी. पानांवर मध नसल्यामुळे किडींचे पतंग अशा झाडाकडे कमी ओढले जातात. आज गव्हात सूत्रकृमींना दाद न देणारा जनुक आहे का, हे पानाच्या तुकड्यावरून प्रयोगशाळेत कळतं. पटेल यांच्या काळात समोरचं झाडच वाचावं लागे.

बाकी काम हाताचं. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी नखाने काढायचे. सकाळी नर वाणाचे पराग त्या फुलाला लावायचे. एकेका बोंडासाठी एवढा खटाटोप. मजुरी परवडणार नाही, अशी शंका होती. पण एका बोंडातून बरंच बी मिळतं, त्यामुळे हिशेब जुळला.

‘एच-फोर’ महाराष्ट्रातही पसरलं, उत्पादन वाढलं. मात्र संकराचा जोम पुढच्या पिढीत टिकत नाही. त्यामुळे घरची सरकी राखून पेरायची रीत मोडली. दरवर्षी बियाणं विकत घेणं आलं, खत-फवारणीचा खर्चही वाढला.

पटेल 1990 मध्ये गेले. 2002 मध्ये बीटी कपाशी आली, तीही संकरित वाणांतूनच. आज जूनमध्ये दुकानातून पाकीट आणणारा शेतकरी गुजरातचा असो की महाराष्ट्राचा, पटेल यांनी दाखवलेल्या वाटेनेच चालतो. त्या वाटेवर पीक वाढलं, पण बियाण्याची किल्ली मात्र घरातून गेली.