मैफलीतून उठवला गेलेला गवई : उस्ताद अमीर खाँ

इंदूरच्या राजेंद्र नगर या मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीत लता मंगेशकर यांच्या नावाचे सभागृह आहे. मंगेशीशी नाते सांगणाऱ्या मास्टर दीनानाथांची ही कन्या २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात जन्मली, तेव्हा त्या पाटीवरच्या नावात गोव्याचाही वाटा आहेच. ज्या वर्षी लताबाईंचा जन्म झाला, त्या वर्षी याच शहरात सतरा वर्षांचा एक मुलगा वडिलांसमोर बसून स्वरांचे पलटे घोटत होता. पुढे ख्यालगायनाची चालच बदलून टाकणारे उस्ताद अमीर खाँ ते हेच.

चाहत्यांच्या तऱ्हा देशोदेशी निराळ्या असतात. ब्लूज संगीताचे वेड असलेला माणूस आवडत्या गिटारवादकाचे चित्र टी-शर्टावर छापून घेतो, ऐकलेल्या मैफलीचे गाव आणि तारीख पाठीवर मिरवतो. बी. बी. किंग यांची ‘ल्युसील’ नावाची गिटार कितीतरी जणांच्या छातीवर अशी विराजमान झालेली आहे. अमीर खाँसाहेबांच्या चाहत्याने असे काही अंगावर वागवले नाही. त्याने जपली ती ध्वनिफीत : कुठल्यातरी घरगुती बैठकीत मुद्रित केलेली, एकाकडून दुसऱ्याकडे उतरवून घेतलेली, श्रोत्यांच्या खोकल्यासह आणि तंबोऱ्याच्या जुळवाजुळवीसह. खाँसाहेबांच्या हयातीत निघालेल्या अधिकृत ध्वनिमुद्रिका मोजक्याच. आज त्यांचे जे गाणे आपल्या कानी येते, त्यातला फार मोठा भाग या अनाम संग्राहकांनी राखला आहे. प्रत्यक्ष मैफलीच्या स्मृतीवर इतका विसंबलेला मोठा गवई दुसरा क्वचितच सापडेल; आणि तरीही याच गवयाला एका मैफलीतून अवघ्या पंधरा मिनिटांत उठावे लागले होते.

अमीर खाँ यांचा जन्म १९१२ सालचा. आजोबा चंगे खाँ गायक होते. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारचे सारंगीवादक. भेंडीबाजार घराण्याच्या गायकीशी त्यांचा निकटचा संबंध होता. अमीर नऊ वर्षांचा असताना आई गेली. अमीर आणि धाकटा बशीर या दोघांना वडिलांनी सारंगी शिकवायला सुरुवात केली. थोरल्याचा ओढा गळ्याकडे आहे हे ध्यानी येताच त्यांनी त्याचा मार्ग वेगळा केला. बशीर पुढे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर सारंगीवादक झाला. तरी पहिला संस्कार तारेचा होता, हे विसरून चालणार नाही. ब्लूजमध्ये गायक एक ओळ म्हणतो आणि गिटार तिला उत्तर देते. सारंगियाच्या घरात वाढलेल्या मुलाच्या कानात गळा आणि तार यांचा असाच संवाद लहानपणापासून चाललेला होता. घरी शुक्रवारी कलावंत जमत, बीनकार येत, चर्चा झडत. इंदूर हे तेव्हा बीनवादनाचे मोठे ठाणे होते, आणि बीनेचा संथ, खोल आलाप मुलाने तिथेच ऐकला.

वडिलांनी त्याच्याकडून घोटून घेतले ते मेरुखंड. तीन स्वर घेतले तर त्यांची मांडणी सहा प्रकारांनी होते, चार घेतले तर चोवीस प्रकारांनी, आणि सातही स्वर घेतले तर ५०४० प्रकारांनी. या गणिताचे मूळ शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत लिहिला गेला. कोरड्या पाठांतराने एखाद्याचे गाणे निर्जीव झाले असते. अमीर खाँच्या गाण्यात हिशेब कधी उघडा पडला नाही. रागाला मानवतील तेवढ्याच स्वरावली ते उचलत आणि बाकीच्या सोडून देत. सोडून देण्याची ही शिस्तच त्यांच्या गायकीचा कणा होय, असे मला वाटते.

१९३४ च्या सुमारास ते मुंबईत आले. काही बैठका झाल्या, काही तबकड्या निघाल्या, पण नाव झाले नाही. १९३६ मध्ये रायगढचे संगीतप्रेमी राजे चक्रधर सिंह यांच्या पदरी ते राहिले. राजांच्या वतीने त्यांना मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गायला पाठवण्यात आले. त्या परिषदेला फैयाज खाँ, ओंकारनाथ ठाकूर आणि आपल्या केरीच्या केसरबाई केरकर असे दिग्गज होते, असे सांगतात. चोवीस वर्षांच्या गायकाने आपला शांत ख्याल आरंभला आणि श्रोत्यांनी गलका केला. पंधरा मिनिटांत गाणे थांबले. आयोजकांनी ठुमरी गाण्याची सूचना केली. ठुमरीने ती सभा कदाचित सावरलीही असती. त्यांनी नकार दिला आणि ते उठले.

त्या श्रोत्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. ती घाई मी करणार नाही. त्यांना जे ऐकण्याची सवय होती, ते या तरुणाकडे नव्हते. आणि जे त्याच्याकडे होते, ते अजून पुरते घडलेले नव्हते. रायगढची नोकरी वर्षभरातच सुटली आणि १९३७ मध्ये वडील निवर्तले. मागे आश्रयदाता नाही, पुढे श्रोता नाही, अशी ती अवस्था होती. गाण्याची धाटणी बदलली असती तर पोटापाण्याचा प्रश्न लवकर मिटला असता.

पुढची वर्षे दिल्ली आणि कलकत्ता येथे गेली. याच काळात किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांचे गाणे त्यांनी एकलव्याच्या निष्ठेने ऐकले. झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल त्यांनी तिथून घेतला, सरगमेची वळणे भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांच्याकडून, तर तानेचा जोर देवासच्या रजब अली खाँ यांच्याकडून. यांपैकी कोणाचाही गंडा त्यांनी बांधलेला नव्हता. थोडे कुतूहलाचे म्हणून सांगतो : याच अमान अलींकडे लताबाईंनीही काही काळ धडे घेतले, आणि आपल्या पेडणे तालुक्यातल्या मालपेच्या अंजनीबाई मालपेकर याच घराण्याच्या नझीर खाँ यांच्या शिष्या. गोवा आणि इंदूर यांची गाठ मुंबईच्या भेंडीबाजारात पडते ती अशी.

स्वातंत्र्यानंतर ते मुंबईत परतले आणि चित्र पालटले. ‘बैजू बावरा’ (१९५२) मध्ये नौशाद यांनी तानसेनासाठी त्यांचा आवाज घेतला. समोर बैजूसाठी द. वि. पलुसकर गायले. शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) चे शीर्षकगीत कुडाळकडच्या वसंत देसाई यांनी त्यांच्याकडून अडाण्यात गाऊन घेतले. ज्या गायकाला मिर्झापूरने ऐकून घेतले नव्हते, त्याचा आवाज गावोगावच्या तंबूंतल्या पडद्यांपर्यंत पोहोचला. मैफलीत मात्र त्यांनी एक पाऊलही मागे घेतले नाही. डोळे मिटलेले, देह स्थिर, हातवारे जवळजवळ नाहीत. तबल्याने साधा ठेका धरावा, एवढीच अपेक्षा. कित्येकदा अंतराही गात नसत. दोन वाक्यांमधली शांतता ते स्वराइतक्याच काळजीने मांडत. मोजके स्वर वाजवून थांबणाऱ्या बी. बी. किंग यांच्या श्रोत्याला ही शांतता ओळखीची वाटेल.

‘सुररंग’ या नावाने त्यांनी बंदिशी रचल्या. तराण्यातील बोल निरर्थक नसून त्यांना फारसी आणि सूफी अर्थ आहे, या विचाराचा त्यांनी पाठपुरावा केला. १९६० च्या सुमारास मारवा आणि दरबारी यांची ध्वनिमुद्रिका निघाली. सूर्यास्ताची हुरहुर म्हणजे काय, हे अनेक घरांना त्या मारव्याने कळले. संसार मात्र सुरळीत नव्हता. पहिली पत्नी सतारवादक विलायत खाँ यांची भगिनी; तो विवाह टिकला नाही. मानसन्मान उशिरा आले : १९६७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७१ मध्ये पद्मभूषण. पंडित अमरनाथ, ए. कानन, श्रीकांत बाकरे, सिंह बंधू, कंकणा बॅनर्जी अशा शिष्यांनी ही गायकी पुढे नेली, आणि प्रत्यक्ष तालीम न मिळालेल्या कितीतरी जणांनी ती फितींवरून उचलली. त्यांनी स्वतः वहीद खाँना उचलले होते, तशीच.

१३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय एकसष्ट. कलकत्त्याच्याच गोबरा दफनभूमीत त्यांना ठेवले गेले. इंदुरात त्यांच्या नावाचा संगीत समारोह भरतो. फुले वाहायला मात्र तिथे कबर नाही. त्यांना समोर बसून ऐकलेले श्रोते आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या कपाटांतल्या काही फिती संगणकावर उतरल्या आहेत, काहींना बुरशी लागली आहे, आणि काहींवर कोणता राग, कोणाचे घर, कोणते साल, हे लिहायचे राहून गेले आहे.