पाच गोलांपैकी चार

छोटे पास देत चेंडू आपल्याच पायांशी राखावा आणि प्रतिस्पर्ध्याची घडी विस्कटण्याची वाट पाहावी, की संधी दिसताच थेट गोलवर धडक मारावी, हा फुटबॉलरसिकांचा जुना वाद आहे. २०१० साली स्पेनने विश्वचषक जिंकला तेव्हा तो नव्याने रंगला. चेंडूवरील हुकमतीसाठी नावाजलेल्या त्या संघाने सात सामन्यांत मिळून अवघे आठ गोल केले आणि त्यातील पाच एकट्या डेव्हिड व्हिया याच्या नावावर होते. संयमी खेळाचे गोडवे गाणाऱ्यांना हा आकडा जरा अडचणीचा वाटतो. अकरा जणांनी विणलेल्या जाळ्याच्या टोकाशी गोल करणारा पाय लागतोच.

असाच एक आकडा भारतीय फुटबॉलच्या इतिहासातही आहे आणि तो मुंबईच्या मैदानावर घडलेल्या खेळाडूचा आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने एकूण पाच गोल केले. त्यातील चार नेव्हिल डिसोझा यांचे होते.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी झाला. बार्देश तालुक्यातील आसगाव हे घराण्याचे गाव. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते आणि शिक्षण व नोकरीसाठी गोवेकरांची पावले मुंबईकडे वळत. धोबीतलाव, माझगाव, वांद्रे या भागांत गोवेकरांच्या वस्त्या होत्या आणि त्यांच्यासोबत चर्च, बँड आणि फुटबॉल या तिन्ही गोष्टी मुंबईत रुजल्या. क्रिकेटने शहर व्यापले होते हे खरे. पण पावसाळा सुरू झाला की मैदानांवर फुटबॉलचे राज्य असे. चिखलाने जड झालेला चेंडू आणि घसरता पाय, अशा स्थितीत लांबलचक पासांची नक्षी टिकत नाही. गोलसमोरच्या गर्दीत अडकलेला, कुणाच्या तरी अंगावरून परतलेला चेंडू आधी कोणाला दिसतो, याला तिथे मोल असते. मुंबईच्या आघाडीवीरांना हा धडा मैदानच देत असे आणि नेव्हिल यांच्या खेळावर त्याची छाप असावी, असे त्यांच्या कामगिरीकडे पाहून वाटते.

त्या वेळी देशात व्यावसायिक फुटबॉल नव्हते. टाटा, कॅल्टेक्स यांसारख्या कंपन्या आपापले संघ बाळगून होत्या. खेळाडूला नोकरी मिळे आणि कंपनीला संघ मिळे. कॅल्टेक्स ही तेल कंपनी; तिच्या संघाचे नेव्हिल हे मोठे नाव होते. एस. एस. नारायण हे मुंबईचे गोलरक्षकही याच संघाचे आणि पुढे मेलबर्नच्या चमूत दोघेही होते. १९५४ साली मुंबईने सेनादलाला हरवून संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, त्या संघातही नेव्हिल होते. तोवर या स्पर्धेवर बंगालची जवळपास मक्तेदारी होती.

मात्र नेव्हिल यांची गोष्ट मुंबईपुरती सांगून पुरी होत नाही. तिचा दुसरा नायक हैदराबादचा आहे. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीस संघाचे ते प्रशिक्षक होते आणि या संघाने मुंबईत कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. चेंडू जमिनीवर ठेवून, एका स्पर्शात सहकाऱ्याकडे सोपवत पुढे सरकणारा हा खेळ होता. मुंबईकर प्रेक्षकांनी तो पाच मोसम डोळे भरून पाहिला. विशीत असलेल्या नेव्हिल यांच्या घडणीचा काळही नेमका हाच.

रहीम यांची शिकवण्याची पद्धत मास्तरकीची होती. एखादी गोष्ट मुलांच्या अंगवळणी पडायची असेल तर तिच्याविना चालणारच नाही अशी परिस्थिती निर्माण करायची. त्यांनी हैदराबादेत ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू घेऊन नाचता येत नाही म्हटल्यावर पास देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. केवळ कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धाही त्यांनी घेतल्या.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये रहीम यांच्या डोळ्यांदेखत भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असे धुऊन काढले. अनेक भारतीय खेळाडू त्या वेळी अनवाणी होते. त्याच स्पर्धेत हंगेरीने सुवर्णपदक पटकावले आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवून जगाला थक्क केले. हंगेरीचा मधला आघाडीवीर प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ उभा न राहता खाली मध्यफळीत उतरत असे. त्या काळच्या रचनेत मधल्या बचावपटूला एकच काम असे, समोरच्या मधल्या आघाडीवीराला चिकटून राहायचे. हा आघाडीवीरच मागे गेला तर बचावपटूपुढे पेच उभा राहतो. पाठोपाठ जावे तर मागे भगदाड पडते, जागेवर राहावे तर तो माणूस मोकळा सुटतो. त्या भगदाडात आतल्या बाजूचे आघाडीवीर घुसत. आजच्या भाषेत ज्याला खोटा नऊ नंबर म्हणतात, त्याचे मूळ इथेच आहे. २०१२ च्या युरो स्पर्धेत सेस्क फाब्रेगासला पुढे ठेवून स्पेनने हीच चाल खेळली आणि अंतिम सामन्यात इटलीला ४-० ने लोळवले, तेव्हा तिचा बराच गाजावाजा झाला. रहीम यांनी ती चाल भारतीय संघाला ५६ वर्षे आधी शिकवली होती.

या रचनेचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. आघाडीवीर मागे ओढला म्हणून गोल करणाऱ्याची गरज संपत नाही, उलट ती अधिक तीव्र होते. जागा क्षणभरच मोकळी होते. त्या क्षणी तिथे पोहोचणारा, चेंडू थोपवण्यात वेळ न घालवणारा माणूस नसेल तर सारी मेहनत वाया जाते. रहीम यांच्याकडे पास देणारे अनेक होते. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी होते, कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू होते, उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी आणि चमूत तुलसीदास बलराम, दोघेही जेमतेम २० वर्षांचे. टोकाचा माणूस त्यांना मुंबईत मिळाला.

मेलबर्नमध्ये पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशीच पडायची होती. पण १९५६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधील उठाव चिरडला आणि हंगेरीने फुटबॉल स्पर्धेतून अंग काढून घेतले. भारताला न खेळताच पुढची चाल मिळाली. हे नशीब होते, यात शंका नाही. चौथ्या क्रमांकाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ते मान्य करायला हरकत नसावी.

१ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व फेरीत भारतासमोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. नवव्या मिनिटाला समर बॅनर्जी यांचा फटका गोलच्या चौकटीला आदळून परतला आणि नेव्हिल यांनी तो डोक्याने जाळ्यात धाडला. १७ व्या मिनिटाला ब्रूस मॉरो याने बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. ४१ व्या मिनिटाला मॉरोने पुन्हा बरोबरी केली. विश्रांतीनंतर पाचच मिनिटांत, ५० व्या मिनिटाला, नेव्हिल यांचा तिसरा गोल झाला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. ८० व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल करून ४-२ असा निकाल पक्का केला. यजमानांना हा पराभव पचला नाही. त्याच महिन्यात सिडनीत दोन्ही संघ मैत्रीपूर्ण सामन्यात पुन्हा भिडले, तेव्हा भारताने ७-१ असा विजय मिळवला आणि चर्चेला पूर्णविराम दिला.

या विजयामागे एक अदृश्य अडचण होती. भारतात त्या काळी सामने ७० मिनिटांचे असत. ऑलिम्पिकमध्ये ९० मिनिटे धावायचे होते. ज्यांच्या फुप्फुसांना शेवटच्या २० मिनिटांची सवयच नाही, त्यांनी सतत लांब चेंडूंमागे पळण्यापेक्षा चेंडूलाच पळवणे शहाणपणाचे. छोट्या पासांचा खेळ हा रहीम यांच्यासाठी सौंदर्याचा हट्ट जितका होता, तितकाच दमसासाचा हिशेबही असावा. किट्टू यांचा गोल ८० व्या मिनिटाला, म्हणजे भारतीय घड्याळानुसार सामना संपून दहा मिनिटे झाल्यावर झाला, हे या दृष्टीने बोलके आहे.

उपांत्य फेरीत ४ डिसेंबरला पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणारा तोच देश. पूर्वार्ध गोलशून्य गेला, हीच मोठी गोष्ट होती. ५२ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत आघाडीवर गेला. काही क्षण ऑलिम्पिकचा अंतिम सामना भारताच्या आवाक्यात आल्यासारखे दिसले असेल.

ही आघाडी दोन मिनिटे टिकली. ५४ व्या मिनिटाला पापेच, ५७ व्या मिनिटाला वेसेलिनोविच, ६५ व्या मिनिटाला पुन्हा पापेच, असे घाव एकामागून एक बसले. ७८ व्या मिनिटाला भारताच्या सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला आणि सामना ४-१ असा गेला. रहीम यांच्या शिकवणीची खरी परीक्षा त्या १३ मिनिटांत होती. गोल झाल्यावर चेंडू आपल्याकडे ठेवून प्रतिस्पर्ध्याचा आवेश ओसरू द्यायचा, हे संयमी खेळाचे मूळ सूत्र. आघाडी घेण्याची सवय असलेला संघ ते आपोआप करतो. युगोस्लाव्हियासारख्या संघाविरुद्ध आघाडी घेण्याचा अनुभव भारतीयांना कुठून असणार? आघाडीवीराने आपले काम चोख बजावले होते. त्याने मिळवून दिलेले राखण्याचे काम संघाला साधले नाही. हा दोष कुणा एकाचा नव्हे, आणि एरवी ज्या संघाची पासांसाठी वाखाणणी होते त्याच्या बाबतीत तो सांगायलाही कुणाला आवडत नाही.

कांस्यपदकाच्या सामन्यात ७ डिसेंबरला बल्गेरियाने भारताला ३-० असे नमवले. नेव्हिल यांना गोल करता आला नाही आणि त्यांच्यावाचून संघालाही तो सापडला नाही. युगोस्लाव्हियाचा टोडोर वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितर मिलानोव यांच्यासह, प्रत्येकी चार गोलांनिशी, नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत अग्रस्थानी राहिले. या दोघांच्या गळ्यात पदक पडले, वेसेलिनोविचच्या रौप्य आणि मिलानोवच्या कांस्य. नेव्हिल रिकाम्या हाताने परतले.

त्या दिवसांत आणखी एक विसंगती होती. १९५५ च्या सत्याग्रहात सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर भारताने गोव्याची सीमा बंद केली होती. भारताचा तिरंगा छातीवर मिरवत जगापुढे गोल करणाऱ्या खेळाडूच्या पूर्वजांचे गाव त्या वेळी दुसऱ्या देशाच्या ताब्यात होते. ते भारतात आले डिसेंबर १९६१ मध्ये, मेलबर्ननंतर पाच वर्षांनी.

नेव्हिल यांच्या कारकिर्दीचे पुढचे मोठे यश मुंबईतच आले. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. हैदराबाद आणि कोलकात्याच्या बड्या संघांनी आलटून पालटून नेलेला चषक घरच्या मैदानावर, घरच्या संघाने उचलला. पण राष्ट्रीय संघात तोवर नवी फळी आली होती. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला गेलेल्या संघाचे नेतृत्व पी. के. बॅनर्जी यांच्याकडे होते. चुनी गोस्वामी, बलराम यांची नावे गाजू लागली होती. त्या संघात नेव्हिल नव्हते. १९६२ मध्ये जकार्तात भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले तेव्हाही नाही. रहीम यांची ती अखेरची मोठी मोहीम ठरली. जून १९६३ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

सन्मानांच्या बाबतीत काळ नेव्हिल यांच्या बाजूने नव्हता. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. पुढे बलराम, गोस्वामी, जर्नेल सिंग अशी यादी वाढत गेली. मेलबर्नमध्ये पाचपैकी चार गोल करणाऱ्याचे नाव त्या यादीत आले नाही. कोलकाता आणि हैदराबाद या शहरांनी आपापले खेळाडू आठवणीत जपले, कारण तिथे फुटबॉल हा शहराच्या अस्मितेचा भाग होता. मुंबईची अस्मिता क्रिकेटपाशी गुंतलेली. नेव्हिल यांना त्याची किंमत मोजावी लागली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१६ मार्च १९८० रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, नेव्हिल डिसोझा यांचे निधन झाले. कॅल्टेक्स कंपनीचे त्याआधीच, १९७६ मध्ये, राष्ट्रीयीकरण झाले होते. कूपरेजवर रंगणारा रोव्हर्स चषक २०००-०१ च्या मोसमानंतर बंद पडला. भारतीय फुटबॉल संघ रोमनंतर २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकदाही ऑलिम्पिकसाठी पात्र ठरलेला नाही आणि १९५६ च्या त्या तीन नावांच्या यादीत दुसरे भारतीय नाव अद्याप कुठल्याही ऑलिम्पिकने जोडलेले नाही.