शंकर पुरुषोत्तम आघारकर

शंकर पुरुषोत्तम आघारकर (जन्म : मालवण, १८ नोव्हेंबर १८८४, मृत्यू : २ सप्टेंबर १९६०) हे मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ, कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापक आणि पुण्याच्या 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेचे संस्थापक संचालक होते. आडनावातील साम्यामुळे त्यांची समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी गल्लत केली जाते; या दोन भिन्न व्यक्ती होत.

प्रारंभिक जीवन

आघारकरांच्या जन्मकाळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते, तर लगतचे सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते. ही दोन्ही गावे आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत. आघारकरांचे उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले व तेथेच त्यांनी जीवशास्त्राचे अध्यापन केले. सुट्टीच्या काळात सह्याद्रीत भटकून ते वनस्पतींचे व प्राण्यांचे नमुने गोळा करीत.

गोड्या पाण्यातील जेलीफिश

अशाच भ्रमंतीत सातारा जिल्ह्यातील कोयना व वेण्णा नद्यांच्या खोऱ्यांत त्यांना लहान जेलीफिश आढळले. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी १९१२ मध्ये या जातीला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले.

या शोधाचे महत्त्व दुहेरी होते. जेलीफिश हा बहुतांशी समुद्रात राहणारा प्राणी आहे. त्याच्या शरीरातील द्रवात साधारणपणे समुद्राच्या पाण्याइतकेच क्षार असतात. गोड्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने परासरणामुळे बाहेरचे पाणी पेशींच्या पातळ पटलातून सतत आत शिरते. ते बाहेर टाकण्याची सोय नसेल, तर पेशी फुगून फुटू शकतात. म्हणून गोड्या पाण्यात स्थिरावलेल्या जेलीफिशच्या जाती मोजक्याच आहेत.

दुसरे असे, की लिम्नोक्निडा ही प्रजाती तोवर केवळ आफ्रिकेतून, टांगानिकासारख्या सरोवरांतून, माहीत होती. खाऱ्या पाण्यात न राहणारा प्राणी समुद्राच्या दोन्ही बाजूंस कसा आढळतो, हा जीवभूगोलातील प्रश्न त्यामुळे पुढे आला.

जर्मनीतील वर्षे

कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोष प्राध्यापकपदी निवड झाल्यावर आघारकर पुढील अभ्यासासाठी जर्मनीस गेले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश प्रजाजन या नात्याने ते शत्रुपक्षाचे नागरिक ठरले आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तरीही त्यांनी संशोधन तडीस नेले व बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

वायव्य भारतातील कोरड्या व खारट जमिनींवरील वनस्पतींचा प्रसार कसा होतो व त्या मूळच्या कोठल्या, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. वनस्पती स्वतः चालत नाही. तिचे बी वारा, पाणी किंवा प्राणी यांच्यामार्फत दूर जाते. केसाळ वा पंखधारी बी वाऱ्यावर उडते, काटेरी फळ जनावराच्या अंगाला चिकटते. अशा साधनांवरून एखादी जात कोणत्या मार्गाने त्या प्रदेशात आली असावी, याचा अंदाज बांधता येतो.

कलकत्त्यातील कार्य

भारतात परतल्यावर १९४६ पर्यंत त्यांनी कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले. नेपाळमधील वनस्पतींचे नमुनेही त्यांनी गोळा केले. भारतीय विज्ञान परिषदेचे सरचिटणीस म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

पुण्यातील संस्था

निवृत्तीनंतर विश्रांती न घेता आघारकरांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था उभारली. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये कलकत्त्यात स्थापन केलेल्या संस्थेशी तिचे नामसाधर्म्य आहे. आरंभीच्या काळात साधने तुटपुंजी होती. आघारकरांनी अखेरपर्यंत संचालकपद सांभाळून संस्थेचा पाया घातला.

वारसा

१९९२ मध्ये या संस्थेच्या संशोधन केंद्राला आघारकर संशोधन संस्था असे नाव देण्यात आले. ती पुण्यात गोपाळ गणेश आगरकर पथावर आहे. संस्थेच्या वनस्पतिसंग्रहालयात वाळवून जतन केलेले नमुने अभ्यासकांना उपलब्ध असून, संस्थेने गहू व सोयाबीनचे सुधारित वाणही विकसित केले आहेत. या वाणांच्या नावांत मूळ संस्थेची 'एमएसीएस' ही आद्याक्षरे असतात.