कार्ल युखहाइम

कार्ल युखहाइम (२५ डिसेंबर १८८६ – १४ ऑगस्ट १९४५) हे जपानमध्ये स्थायिक झालेले जर्मन केक-कारागीर व व्यावसायिक होते. पहिल्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून त्यांना जपानमध्ये आणण्यात आले. बाउमकुखेन हा जर्मन केक जपानमध्ये प्रथम त्यांनी तयार केला, असे मानले जाते.

जीवन

युखहाइम यांचा जन्म ऱ्हाइन नदीकाठच्या काउब या गावी झाला. चीनमधील चिंगदाव हे बंदर तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होते. तेथे त्यांनी १९०९ मध्ये स्वतःचे दुकान सुरू केले. १९१४ मध्ये एलिझे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चिंगदाव जपानने जिंकून घेतले. युखहाइम यांची रवानगी प्रथम ओसाका येथे आणि १९१७ मध्ये हिरोशिमाजवळील निनोशिमा बेटावरील छावणीत झाली. पत्नी व लहान मुलगा चिंगदावमध्येच राहिले.

४ मार्च १९१९ रोजी हिरोशिमातील उद्योग-प्रदर्शन भवनात कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. त्यात युखहाइम यांनी बाउमकुखेन मांडला. आडव्या फिरत्या दांड्यावर पिठाचे पातळ मिश्रण थरावर थर ओतून हा केक विस्तवावर भाजतात. कापल्यावर आत झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसतात. बंदिवासात एवढा खटाटोप करणे सोपे नव्हते, पण प्रेक्षकांना तो केक आवडला.

१९२० मध्ये सुटका झाली तेव्हा चिंगदाव अद्याप जपानच्याच ताब्यात होते. बहुतेक कैदी मायदेशी परतले. युखहाइम मात्र कुटुंबासह जपानमध्ये राहिले. हॅम तयार करणारे लोमायर आणि पाव भाजणारे फ्रॉइंडलीब हेही असेच मागे राहिलेले कैदी होते. टोकियोतील नोकरीनंतर १९२२ मध्ये युखहाइम यांनी योकोहामा येथे दुकान काढले. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात ते नष्ट झाले. जवळजवळ रिकाम्या हाताने कोबे शहरात येऊन त्यांनी पुन्हा दुकान थाटले आणि ते नावारूपाला आणले.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना मानसिक आजाराने ग्रासले. दुसऱ्या महायुद्धात मुलगा जर्मन सैन्यात मारला गेला. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत कोबेतील दुकानही गेले. ६ ऑगस्टला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला; ज्या भवनात त्यांचा केक मांडला गेला होता, त्याचेच अवशेष आज अणुबॉम्ब घुमट म्हणून जतन केले आहेत. त्यानंतर आठ दिवसांनी, जपानच्या शरणागतीच्या घोषणेच्या आदल्या दिवशी, रोक्को पर्वतावर युखहाइम यांचे निधन झाले.

निधनानंतर

युद्धानंतर एलिझे यांना जर्मनीला परत पाठवण्यात आले. व्यवसाय पुन्हा उभा केला तो जुन्या जपानी कामगारांनी. १९५३ मध्ये एलिझे कोबेला परतल्या व पुढे कंपनीच्या प्रमुख झाल्या. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. ४ मार्च हा दिवस जपानमध्ये बाउमकुखेन दिन म्हणून पाळला जातो.