भिंत नाकारणारी मेरी वॉर्ड

आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला एक वेगळंच वजन आहे. वर्षानुवर्षं वधू-वर जाहिरातींत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मागितली जायची. इंग्रजी सफाईदार, चालणं-बोलणं शिस्तीचं आणि आवाज खालच्या पट्टीतला, एवढाच त्याचा अर्थ असे. हल्ली तर गल्लीतल्या बालवाडीच्या पाटीवरही कॉन्व्हेंट असतं आणि आत नन औषधालाही सापडत नाही. पण मुलींची खरीखुरी जुनी कॉन्व्हेंट शाळा डोळ्यांसमोर आणली की आधी आठवते ती उंच भिंत. या भिंतीनंच अशा शाळांना जन्म दिला असावा, असं कुणालाही वाटेल. पण जगभरच्या लोरेटो शाळा जिला आपली आद्य संस्थापिका मानतात, ती मेरी वॉर्ड आयुष्यभर नेमकी या भिंतीशी भांडली. त्यापायी तिनं कैद भोगली.

मेरीचा जन्म १५८५ सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमधला. घराणं खाऊनपिऊन सुखी, पण कॅथलिक. एलिझाबेथ राणीच्या राज्यात ते फार महागात पडे. १५८१ च्या कायद्यानं सरकारी चर्चला न जाणाऱ्याला महिना वीस पौंड दंड होता. मेरीच्या आजीनं धर्मापायी कित्येक वर्षं तुरुंगात काढली होती आणि मेरी पाच ते दहा वर्षांची असताना या आजीकडेच वाढली. पुढे १६०५ मध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा जो प्रसिद्ध दारूकट शिजला, त्यात तिचे दोन सख्खे मामा होते. दोघेही मारले गेले. अशा घरातल्या मुलीनं चांगलं स्थळ बघून गप्प संसाराला लागावं, असं कोणत्याही बापाला वाटणारच. स्थळं आलीही. हिला मात्र जोगीण व्हायचं होतं.

इंग्लंडात तेव्हा एकही मठ शिल्लक नव्हता. आठव्या हेन्रीनं ते सगळे मोडून सत्तर वर्षं होत आली होती. म्हणून १६०६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ती खाडी ओलांडून सेंट ओमरला गेली. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा स्पेनच्या ताब्यातल्या मुलखात होतं. तिथल्या पुअर क्लेअर मठानं या खानदानी मुलीला दारोदार भिक्षा मागायच्या कामाला लावलं. तिनं ते केलं. मग तिथून बाहेर पडून इंग्रज मुलींसाठी त्याच पंथाचा वेगळा मठ उभा केला. तो उभा राहिला आणि तिच्या लक्षात आलं की आपली वाट ही नव्हे. १६०९ मध्ये काही मैत्रिणींना घेऊन तिनं सेंट ओमरमध्येच मुलींची शाळा काढली.

ही शाळा कशी होती, हे जरा निवांत बघण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या कॅथलिक घरांतल्या मुली चोरून समुद्रापार आणल्या जात, त्यांच्यासाठी वसतिगृह होतं. गावातल्या मुलींना दिवसाची शाळा फुकट होती. धर्मशिक्षण, वाचन, लेखन, शिवणकाम हे तर होतंच. पण लॅटिनही शिकवलं जाई, मुली नाटकंही बसवत. लॅटिन ही त्या काळी विद्वानांची, वैद्यांची, वकिलांची आणि चर्चची भाषा होती. आपल्याकडे पेशवाईत कुणी मुलींची संस्कृत पाठशाळा काढली असती तर जे झालं असतं, तसंच काहीसं हे. आणि शिकवणाऱ्या सगळ्या बायकाच! शाळा चालवणं, हिशेब ठेवणं, जागा बघणं, सरदार-बिशपांशी बोलणी करणं, सगळं त्याच करत. मुलींसमोर बाईच मुख्य, बाईच कारभारी. मुलींच्या स्वतंत्र शाळेचा खरा फायदा मला अभ्यासक्रमाहून इथेच दिसतो. पुरुष आसपास नसला की मुलीला दुय्यम जागेवर बसायची सवय लागत नाही. मी स्वतः मुलींच्याच शाळेत शिकले, मराठी आणि साध्यासुध्या, म्हणून हे ठामपणे सांगते.

१६११ मध्ये एका आजारातून उठताना मेरीला आतून स्पष्ट आदेश मिळाला, असं ती सांगे: जेझुइटांचं जे आहे तेच घे. जेझुइट म्हणजे इग्नेशियस लोयोलाचा पुरुषांचा संघ. ते मठात कोंडून घेत नसत, हिंडत, शाळा चालवत आणि थेट पोपला जबाबदार असत. नेमकं हेच बाईला मना होतं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये जोगिणींना मठाच्या भिंतीआड राहणं सक्तीचं केलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पक्का गोषा. मेरीचं म्हणणं व्यवहाराचं होतं. ज्या शिक्षिकेला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, ती गावोगाव शाळा कशी काढणार? आणि इंग्लंडात तर मठच नव्हते. तिथे साध्या वेशात, नाव बदलून काम करावं लागे. तिच्या सोबतिणी तसं करतही होत्या.

टीका झालीच. जेझुइटिणी, उंडारणाऱ्या पोरी, अशी नावं पडली. या बायकांचा उत्साह आज आहे, पण शेवटी त्या बायकाच, असं एका धर्मगुरूनं म्हटल्याचं १६१७ मध्ये तिच्या कानावर आलं. त्यावर तिनं आपल्या सोबतिणींशी जे बोलणं केलं, ते त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. उत्साह मावळतो तो माणूस अपुरं असल्यामुळे, बाई असल्यामुळे नव्हे, असं तिनं सांगितलं. सत्य पुरुषांनाही चुकतं आणि बायकांनाही गवसतं. पुढच्या काळात बायका पुष्कळ काही करून दाखवतील, असा विश्वासही तिनं बोलून दाखवला. ४०० वर्षांपूर्वीचं हे बोलणं आहे.

१६२१ च्या शरदात ती पोपची मान्यता मागायला ब्रुसेल्सहून रोमला निघाली. पायी. पोटात खड्यांचं दुखणं, वाटेत आल्प्स पर्वत, युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं. नाताळच्या आदल्या दिवशी रोममध्ये पोचली. मान्यता मिळाली नाही. शाळा काढून काम दाखवावं म्हणून तिनं रोममध्येच शाळा काढली, मग नेपल्स आणि पेरूजात. १६२५ मध्ये रोममधली शाळा बंद करायला लावली गेली.

इथे माझ्यातली बँकवाली जागी होते. या संस्थेची आर्थिक बाजू पहिल्यापासून कच्ची होती. श्रीमंत मुलींनी आणलेला हुंडा हेच भांडवल, गरिबांच्या शाळा फुकट आणि पैसा इंग्लंडमधून चोरवाटेनं यायचा. लीएजचं घर कर्जात रुतलं आणि ते विरोधकांच्या हातात आयतं कोलीत ठरलं. मी कर्जविभागात असते तर प्रस्ताव हातात घेऊन बराच वेळ बसले असते. तारण शून्य, पण अशा ऋणको आयुष्यात फार भेटत नाहीत!

आधार मिळाला तो राजेरजवाड्यांकडून. बव्हेरियाच्या मॅक्सिमिलियननं १६२७ मध्ये म्युनिकला घर दिलं, त्याच वर्षी सम्राट दुसऱ्या फर्डिनंडच्या आश्रयानं व्हिएन्नातही शाळा निघाली. पण रोममध्ये निर्णय होऊन चुकला होता. एकेक घर बंद करण्याचे हुकूम सुटले. हे पोपच्या मनातलं नसणार, अशा समजुतीनं मेरीनं १६३० मध्ये आपल्या घरांना पत्र पाठवलं, की हुकूम मानू नका. तेच पत्र तिच्यावर उलटलं. जानेवारी १६३१ मध्ये पोप आठव्या अर्बनच्या आज्ञापत्रानं संस्था मुळासकट उपटली गेली आणि ७ फेब्रुवारीला म्युनिकमध्ये मेरीला पाखंडी, बंडखोर म्हणून पकडण्यात आलं.

तिला ठेवलं ते पुअर क्लेअर पंथाच्या मठात, म्हणजे ज्या भिंतीला ती नको म्हणत होती तिच्याच आत. खोली कोंदट, खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या. बाहेरच्या सोबतिणी खाण्याचे जिन्नस कागदात गुंडाळून पाठवत. त्याच कागदांवर लिंबाच्या रसानं मजकूर लिहिला जाई. कागद विस्तवावर धरला की अक्षरं तपकिरी उमटत. यांतली काही पत्रं आजही जपलेली आहेत. प्रकृती, औषध, कुणाला काय कळवायचं, असा साधा मजकूर आणि मधूनच थट्टा. आजार विकोपाला गेला तेव्हा अंतिम संस्कार हवे असतील तर एका कागदावर सही कर, अशी अट घालण्यात आली. त्यात गुन्ह्याची कबुली गृहीत होती. मरणाच्या दारात असलेल्या श्रद्धाळू बाईला ही अट काय वाटली असेल, याची कल्पना करून बघा. तिनं सही केली नाही. स्वतःचं वेगळं निवेदन लिहून दिलं, की चर्चविरुद्ध आपण कधीही काही केलेलं नाही. एप्रिलमध्ये ती सुटली.

ती चर्च सोडून गेली नाही. संस्था मोडण्याचा निर्णय तिनं मानला आणि पोपनंही तिला सोबतिणींसह रोममध्ये राहू दिलं. हा नुसता शरणागतीचा भाग आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या बायकांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. घरही सोडायचं नाही आणि आपलं म्हणणंही. १६३९ मध्ये ती इंग्लंडला परतली, यादवी युद्ध सुरू झाल्यावर उत्तरेला यॉर्कजवळ गेली आणि जानेवारी १६४५ मध्ये वारली. वय साठ. कॅथलिक बाईला पुरायला जागा मिळेना. ऑसबॉल्डविक गावचा प्रॉटेस्टंट पाद्री लाच घेण्याइतका प्रामाणिक निघाला, अशी मिस्कील नोंद तिच्या सोबतिणींनी करून ठेवली आहे.

शाळा मात्र मेल्या नाहीत. म्युनिक, ऑग्सबुर्ग आणि १६८६ पासून यॉर्कमध्ये त्या चालू राहिल्या. १७०३ मध्ये रोमनं नियमावलीला मान्यता दिली. १७४९ मध्ये संस्थेला राहू दिलं, पण मेरी वॉर्डला संस्थापिका म्हणायचं नाही, अशी बंदी घातली. ही बंदी १९०९ पर्यंत, म्हणजे १६० वर्षं टिकली. यॉर्कच्या मठात तयार झालेल्या टेरेसा बॉल यांनी आयर्लंडमध्ये लोरेटो शाखा काढली, तिथल्या नन १८४१ च्या अखेरीस कलकत्त्यात उतरल्या आणि पुढच्या वर्षी मिडलटन रोवर लोरेटो हाऊस सुरू झालं. मी बदलीवर कलकत्त्यात असताना लोरेटोत शिकलेली एक सहकारी आमच्या शाखेत होती. कुठल्याही साहेबासमोर खुर्ची ओढून बसायची, न विचारता. मेरी वॉर्ड हे नाव मी पहिल्यांदा तिच्याकडून ऐकलं.

गंमत अशी, की मान्यता मिळवता मिळवता मेरीच्या लेकींनीही हळूहळू भिंत पत्करली होती. कलकत्त्याच्या लोरेटो नन विसाव्या शतकातही मठाच्या आवाराबाहेर सहसा पडत नसत. १९२९ मध्ये तिथे आलेली एक तरुण नन एन्टालीच्या सेंट मेरीज शाळेत भूगोल शिकवू लागली, पुढे मुख्याध्यापिका झाली. भिंतीपलीकडे मोतीझीलची झोपडपट्टी होती. तिथे जाऊन राहायचं तर तिला आधी रोमची परवानगी मागावी लागली. ती यायला कित्येक महिने गेले. १७ ऑगस्ट १९४८ रोजी निळ्या काठांची पांढरी साडी नेसून मदर तेरेसा लोरेटोच्या फाटकातून बाहेर पडल्या.