पंडिता रमाबाई व ख्रिस्ती नम्रता

आर्णीसारख्या बाजाराच्या गांवीं उपदेशक बोलावयास उभा राहिला म्हणजे कोणी तरी त्यास हिणवितोच. कोणी जात काढतो, कोणी विद्या काढतो. अशा वेळीं टोचून बोलावें, कीं भिऊन निघून जावें? पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत तिसरी वाट दिसते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं अनंतशास्त्री डोंगरे ह्या विद्वान ब्राह्मणाच्या घरीं झाला. संस्कृत त्या आईबापांपाशींच शिकल्या. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांची विद्या पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन उघडलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं, बाई मुलींस बाटवितात, असा बोभाटा झाला. वर्तमानपत्रांनीं टीकेची झोड उठविली, सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें आणि पुष्कळ मुलींस त्यांच्या माणसांनीं परत नेलें. बाईंनीं आपली प्रार्थना लपविली नाहीं आणि सदनही बंद केलें नाहीं. राहिलेल्या मुलींस घेऊन त्यांनीं काम चालू ठेविलें.

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या व उपाशी, निराधार मुलींस आणि विधवांस घेऊन आल्या. केडगांवीं मुक्ति सदनांत त्यांनीं त्यांस आसरा दिला, शिकविलें व उद्योगास लाविलें. निंदा करणारांस त्यांचें मोठें उत्तर हेंच होतें.

परंतु ही नम्रता म्हणजे भित्रेपणा नव्हे. १८९७ सालीं पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तांत स्त्रियांची जी हेळसांड झाली, ती त्यांनीं वर्तमानपत्रांत पत्र लिहून उघड केली. दुबळ्यांचा अपमान झाला तेव्हां सरकारापुढेंही त्या गप्प राहिल्या नाहींत.

आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यांनीं बायबलाच्या भाषांतरास दिलीं. पंडितांस डोलवील अशी मराठी त्यांस सहज लिहितां आली असती. तरी थोडें शिकलेल्या बायाबापड्यांस समजेल अशी साधी भाषा त्यांनीं निवडली. तें काम हातावेगळें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूच्या विसाव्यांत गेल्या.

उपदेशक बंधूंनो, येथें आपणांसही एक बोध आहे. आपणांस वाचतां येतें म्हणून मंडळींतील अक्षरशून्य म्हातारीस आपण कमी लेखीत असूं, तर बाजारांतल्या गर्विष्ठास कोणत्या तोंडानें दोष द्यावा? प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, तेव्हां आपण गुरु आहों हें तो विसरला नव्हता.

म्हणून कोणी हिणविलें असतां आधीं मनाशीं विचारावें: हा अपमान माझा आहे, कीं माझ्या गरीब भावाचा? माझा असेल तर सोडून द्यावा. भावाचा असेल तर शांतपणें पण स्पष्ट बोलावें. आणि पुढच्या बाजारीं पुन्हां त्याच जागीं उभें राहावें.